कोणतं हार्मोन, किती वाजता?

दुपारचे साडेचार वाजून गेले होते. शाळेच्या गणवेशातली पंधराएक वर्षांची मुलगी खुर्चीत बसली, बाही वर केली आणि मान दुसरीकडे वळवली. फॉर्मवर डॉक्टरांच्या अक्षरात एवढंच होतं: हार्मोन प्रोफाइल, कॉर्टिसॉल. कारणाच्या जागी 'हार्मोनल इम्बॅलन्स'. मी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती बाळा?" उत्तर आईने दिलं. "कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" तेही आईनेच दिलं. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली होती. खरं तर त्या खोलीत तिच्या तपासणीशी सगळ्यात जवळचा संबंध त्या घड्याळाचाच होता.

कॉर्टिसॉल हे शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन. ते दिवसभर एका पातळीवर राहत नाही. पहाटे ते चढायला लागतं, सकाळी आठच्या आसपास भरपूर असतं, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. रिपोर्टवर सकाळची मर्यादा साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर अशी छापलेली असते, प्रत्येक लॅबची थोडी इकडेतिकडे. दुपारी चारपर्यंत धडधाकट माणसाचा आकडाही निम्म्यावर आलेला असतो. आता साडेचारच्या रक्तात ४ आलं आणि समोर सकाळची मर्यादा छापली गेली, की आकड्यापुढे 'लो' उमटतं. रक्त बरोबर, मशीन बरोबर, आकडाही बरोबर, आणि अर्थ साफ चुकलेला. त्या रात्री घरी फोनवर 'लो कॉर्टिसॉल' शोधलं जातं, आणि पहिल्याच पानावर कुणीतरी सांगत असतं की तुमच्या मुलीच्या ग्रंथी थकल्या आहेत.

वीस वर्षं मी रक्त घेते आहे. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही आणि तशी हौसही नाही. पण फॉर्म वाचणं माझं काम आहे, आणि वयात आलेल्या मुलींच्या फॉर्मवर ही एकच शब्दजोडी इतक्यांदा दिसते की ती आता मला टोचते. पाळी पुढे गेली, हार्मोनल इम्बॅलन्स. मुरूम आले, हार्मोनल इम्बॅलन्स. वजन वाढलं तरी तेच, घटलं तरी तेच. चिडते, रडते, झोपून राहते, केस गळतात, ओठावर लव आली, सगळ्याला एकच चिठ्ठी. पोट दुखतं म्हणून आलेल्या माणसाच्या कागदावर निदान म्हणून 'पोट' लिहावं, तशातला हा प्रकार. शरीरात पन्नासच्या वर हार्मोन आहेत. त्यातलं कोणतं बिघडलं, वाढलं की घटलं, कुठल्या ग्रंथीमुळे, यातलं काहीच त्या दोन शब्दांत नाही.

हे शब्द निदानाच्या जागी लिहिणं बंद व्हायला हवं, असं माझं मत आहे. जिला काही झालेलं नाही तिला ते आजारी ठरवतात, आणि जिला खरोखर काही झालं आहे तिचा आजार ते झाकून ठेवतात. दोन्ही मुली माझ्या खुर्चीत बसून जातात. दोघींच्या फॉर्मवर मजकूर सारखाच असतो.

आधी पहिलीबद्दल. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना अधिवृक्क म्हणतात, बोलताना सगळे ॲड्रिनल म्हणतात. मोठ्या माणसात एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाहेरच्या सालीत तीन थर: वरचा थर अल्डोस्टेरॉन करतो, त्यावर अंगातलं मीठ-पाणी आणि रक्तदाब सांभाळला जातो, मधला कॉर्टिसॉल करतो, आणि आतला थर ॲन्ड्रोजेन, म्हणजे ज्यांना लोक पुरुषी हार्मोन म्हणतात ती. गाभ्यातून ॲड्रिनलिन येतं. यातला आतला थर साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात जागा होतो, पाळीच्या कितीतरी आधी. घामाला वास येणं, त्वचा तेलकट होणं, पुढे काखेत नि जांघेत केस, ही त्याची कामं. मुलींच्या अंगात ॲन्ड्रोजेन असणं हा बिघाड नाही. ती असायचीच. तरीही 'मुलीच्या अंगात पुरुषी हार्मोन निघालं' हे वाक्य मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी ते कुजबुजल्यासारखंच येतं.

पाळीचंही तसंच. मेंदू आणि बीजकोश यांची एकमेकांशी लय जुळायला वेळ लागतो. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात ती वेडीवाकडी येणं हे साहजिक मानलं जातं. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ दिवसांपेक्षा जास्त असेल तर लक्ष द्यायचं; तीन वर्षांनंतर वरची मर्यादा ३५ दिवस. पहिलं वर्ष उलटल्यावर एखादी पाळी ९० दिवसांवर गेली, किंवा पंधरा वर्षं झाली तरी पाळी आलीच नाही, किंवा स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षं उलटली तरी आली नाही, तर मात्र थांबायचं नाही. हे आकडे गुपित नाहीत, पीसीओएसच्या, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या बीजकोशाच्या विकाराच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहेत. त्याच सूचना, २०२३ साली सुधारलेल्या, असंही सांगतात की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, कारण त्या वयात निरोगी बीजकोशातही बारीक बारीक कूप, म्हणजे बीजांच्या पिशव्या, भरपूर दिसतात. किशोरवयात अनियमित पाळी आणि वाढलेलं ॲन्ड्रोजेन, दोन्ही लागतात. दोन्हींपैकी एकच असेल तर 'धोका आहे, पुढे पाहू' एवढंच म्हणायचं.

आणि माझ्यासमोर काय येतं? तेरा वर्षांची मुलगी, पाळी सुरू होऊन सात महिने झालेले, हातात सोनोग्राफीचा कागद, आणि आई सांगते, "हिला पीसीओएस आहे." मुलगी ऐकत असते. एखादं नाव तेराव्या वर्षी अंगाला चिकटलं की ते पंचविसाव्या वर्षीही निघत नाही. मला मूल होईल का, हा प्रश्न ती दहावीच्याही आधी घेऊन फिरायला लागते.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग बरंच झालं, 'वयात आली की होतंच' म्हणून सोडून द्या. नाही. तेही तितकंच आळशी उत्तर आहे. 'होतंच असं' आणि 'हार्मोन बिघडलेत' ही मला एकाच दाराची दोन कुलुपं वाटतात. दोन्हींत मुलगी काय सांगते ते ऐकायची गरज उरत नाही.

एका मुलीबद्दल सांगते, तिच्यापेक्षा माझ्या चुकीसाठी. सोळा वर्षांची, उंच, शांत. आठ महिन्यांत ती तीनदा आली. पहिल्यांदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी, थकवा म्हणून. दुसऱ्यांदा साखर वगैरे, वजन उतरतंय म्हणून. मधल्या काळात कुणीतरी समुपदेशकाकडेही पाठवलं होतं. जेवत नाही, बारीक व्हायचं वेड घेतलंय, परीक्षेचं टेन्शन, असं घरात पक्कं झालं होतं. दोन्ही वेळा मी तिच्या हाताला पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त घेतलं. हात काळवंडलेत हे मला दिसलं होतं. मनात म्हटलं, उन्हात फिरते वाटतं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा दोन दिवस उलट्या होत होत्या. शीर सापडेना म्हणून मी तळहात उजेडाकडे वळवला. तळहातावरच्या रेषा कुणी पेन्सिलीने गिरवल्यासारख्या गडद. बोटांची पेरं गडद. ती तोंड उघडून काहीतरी बोलली तेव्हा हिरड्यांवर डाग दिसले. उन्हात फिरून हिरड्या काळ्या होत नाहीत.

सोडियम ११८ आलं, फारच कमी, आणि पोटॅशियम ६.२, फारच जास्त. असे आकडे आले की रिपोर्ट छापायची वाट बघत नाहीत, थेट डॉक्टरांना फोन करतात. मी केला. तिला त्याच तासाला दाखल केलं, कॉर्टिसॉल आणि ते बनवायला लावणारं एसीटीएच या हार्मोनसाठी रक्त घेतलं आणि निकालाची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसॉलचं, इंजेक्शन दिलं. तिथे कुणी घड्याळ पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं. संकटात उपचार आधी, आकडे मागून. नंतर आईने सांगितलं की मुलगी कित्येक महिने तळहातावर मीठ घेऊन चाटायची. घरात सगळ्यांनी पाहिलं होतं, हसलेही होते. कुणी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी १८५५ साली लंडनमध्ये हा आजार लिहून ठेवला, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो: क्षीणपणा, कमजोर नाडी, पोटाच्या तक्रारी आणि कातडीचा बदललेला रंग. त्या काळी हे निदान म्हणजे मृत्यूचीच सूचना होती. आज कारण नेमकं माहीत आहे. ॲड्रिनलची साल नष्ट होते, कधी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे, कधी क्षयामुळे. कॉर्टिसॉल घटतं तसा मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी जोर लावून एसीटीएच सोडत राहते, आणि त्याच्या जोडीने येणारा संदेश त्वचेत रंग भरत जातो. अल्डोस्टेरॉनही नसल्याने मीठ लघवीवाटे वाहून जातं, म्हणून शरीर मीठ मागतं. ती मुलगी मीठ चाटत होती ते खूळ नव्हतं. स्वतःच्या आजारावर तिला सुचलेला तेवढाच इलाज होता तो.

किशोरवयीन मुलीत हा आजार लपायला इतक्या जागा आहेत की विचारू नका. वजन घटलं तर 'डाएट करते', उलट्या झाल्या तर 'खाल्लेलं मुद्दाम बाहेर काढते', अंथरुणातून उठवत नाही तर 'आळस' किंवा 'नैराश्य', रंग गडद झाला तर क्रीम. हे क्रीमचं दुखणं वेगळंच आहे. मुलीचा रंग बदलला हे घरातल्यांना सगळ्यात आधी दिसतं आणि सगळ्यात उशिरा आजार म्हणून दिसतं. आणखी एक काळेपणा असतो, मानेच्या मागे, काखेत, मखमलीसारखा जाडसर. तो इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तो घासून जात नाही, तरी मुलींच्या माना घासून घासून लाल केलेल्या मी पाहिल्या आहेत. हिरड्या नि तळहाताच्या रेषांतला काळेपणा आणि मानेमागचा काळेपणा यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत, आणि तो फरक ओळखायला नुसती नजर पुरते.

मग तो थकलेल्या ग्रंथींचा बाजार. 'ॲड्रिनल फटीग' हे नाव १९९० च्या दशकाच्या शेवटी निघालं. कल्पना अशी की सततच्या ताणाने ग्रंथी दमतात आणि कॉर्टिसॉल थोडं कमी पडतं, इतकं थोडं की नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. म्हणजे तपासणीत काही निघालं नाही तर तोच पुरावा. २०१६ साली ५८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. अशा आजाराला आधार सापडला नाही. एंडोक्राइन सोसायटी ही हार्मोनतज्ज्ञांची मोठी संस्थाही तेच सांगते. पण गोळ्या विकल्या जातात. अशाच 'ॲड्रिनल सपोर्ट' म्हणवणाऱ्या १२ गोळ्यांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. बाराच्या बारांत थायरॉइडचं हार्मोन सापडलं आणि बहुतेकांत एखादं तरी स्टेरॉइड, वेष्टनावर काही न लिहिलेलं. 'हार्मोनचं संतुलन राखते' म्हणून घेतलेल्या गोळीतच हार्मोन. आणि बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं औषध, येत राहिलं तर खरी ग्रंथी काम आवरतं घेते. नसलेल्या आजारावरचा उपाय कधी कधी खरा आजार देऊन जातो, तो असा.

तेच गोरेपणाच्या नि डागांच्या क्रीमचं. क्लोबेटासॉल हे सगळ्यात तीव्र त्वचेच्या स्टेरॉइडांपैकी एक. दिवसाला अवघे २ ग्रॅम लावूनही ते ॲड्रिनलचं काम दाबू शकतं. हे त्याच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं, जे क्रीमच्या खोक्यासोबत कचऱ्यात जातं. (दम्याचा पंप किंवा डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हे वाचून कुणी एकदम बंद करू नका. एकदम बंद करणं हेच सगळ्यात धोक्याचं. डॉक्टरांना विचारून, हळूहळू.)

ताण खोटा आहे असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. कमी खाणं, अतोनात व्यायाम आणि ताण यांनी पाळी महिनोन्‌महिने बंद पडते, हे पक्कं ठाऊक आहे. पण तिथे ग्रंथी दमलेली नसते. मेंदू हिशेब करतो की या शरीरात आत्ता मूल वाढवण्याइतकी शिल्लक नाही, आणि बीजकोशाला संदेश पाठवणं थांबवतो. अशा मुलीला हवं असतं पोटभर खाणं, विश्रांती आणि कुणीतरी शांतपणे बसून ऐकणं. तिलाही 'इम्बॅलन्स' म्हणून पाळी आणायची गोळी देतात. गोळीने रक्तस्राव होतो, सगळे निर्धास्त होतात, आणि हाडं आतून ठिसूळ होत राहतात.

नेमकं नाव शोधण्याने काय साधतं, असं मला एका डॉक्टरांनी विचारलं होतं, जरा वैतागूनच. मुरूम, लव, अनियमित पाळी, उपचार शेवटी तेच ना? मला त्यांचं म्हणणं निम्मं पटतं. एक उदाहरण त्यांच्याच बाजूचं घेते. २१-हायड्रॉक्सिलेझ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, कॉर्टिसॉल बनवण्याच्या साखळीतलं. ते जन्मतः अपुरं असेल तर कच्चा माल साठतो आणि ॲन्ड्रोजेनच्या वाटेला लागतो. याचा सौम्य प्रकार किशोरवयात उघडा पडतो, आणि तो दिसायला हुबेहूब पीसीओएससारखा असतो. वेगळं ओळखायचं तर त्या साठलेल्या कच्च्या मालातलं १७-ओएच प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासायचं, सकाळी लवकर, पाळीच्या पहिल्या काही दिवसांत. २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं तर पुढची चाचणी: एसीटीएच टोचून तासाभराने पुन्हा मोजायचं, आणि ते १००० च्या वर गेलं की निदान. आता, या सौम्य प्रकारात पुष्कळदा स्टेरॉइड लागतही नाही, पाळी-मुरमांच्या गोळ्या त्याच राहतात. डॉक्टरांचं हे म्हणणं खरं आहे. पण हा आजार जनुकांतून येतो. पुढे त्या मुलीला मूल हवं असेल तेव्हा जोडीदाराची तपासणी करायची की नाही हे त्यावर ठरतं, कारण बाळाला तीव्र प्रकार होऊ शकतो. उपचार तोच असला तरी तिचं पुढचं आयुष्य तेच नाही. एका सकाळच्या एका बाटलीत याची पहिली खूण मिळते. तीच बाटली दुपारी, पाळीच्या बाविसाव्या दिवशी भरली तर आकडा फसवा वाढलेला येतो, कारण पाळीच्या उत्तरार्धात हे हार्मोन तसंही वाढतं.

तीव्र प्रकाराचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथली गप्प बसण्याची सवय अजून गेलेली नाही. साधारण पंधरा हजार बाळांत एक अशी ही मुलं. मुलींची बाह्य जननेंद्रियं जन्मतः वेगळी दिसू शकतात. मुलग्यांचं काही दिसत नाही, आणि पहिल्या काही आठवड्यांत मीठ वाहून गेल्याने ती मुलं अचानक कोसळतात. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा ठिपका कागदावर वाळवून त्यात १७-ओएच प्रोजेस्टेरॉन मोजायची रीत १९७७ साली प्रसिद्ध झाली. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत तिचे खोटे इशारे पुष्कळ येतात, हे खरं. तरी ती प्रत्येक बाळाला मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. कॉर्टिसोनने हा आजार आटोक्यात येतो हे लॉसन विल्किन्स यांनी १९५० साली दाखवलं. त्याआधीचं आयुष्य कसं होतं ते १८६५ साली नेपल्समध्ये लुइजी दे क्रेक्यो यांनी केलेल्या एका शवविच्छेदनाच्या नोंदीत आहे: जन्मभर पुरुष म्हणून जगलेली व्यक्ती, आत गर्भाशय आणि बीजकोश, ॲड्रिनल ग्रंथी प्रचंड वाढलेल्या. मरण उलट्या-जुलाब आणि अशक्तपणाने आलेलं.

आज त्या मुली जगतात, शिकतात. पण चौदा-पंधराव्या वर्षी त्यांच्यातल्या कित्येकजणी गोळ्या चुकवायला लागतात. वजन वाढतं म्हणून, मैत्रिणींच्या देखत घ्यायची लाज म्हणून, आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते कारण म्हणजे ती गोळी कशासाठी हे त्यांना धड सांगितलेलंच नसतं. लहानपणी ऑपरेशन झालेलं असतं, त्याचं नाव घरात काढत नाहीत. "हार्मोनची गोळी आहे, घे," एवढंच. ज्या गोळीवाचून तापात जीव जाऊ शकतो, तापात जिची मात्रा दुप्पट-तिप्पट करायची असते, ती 'हार्मोनची गोळी'! तिला नाव सांगायला हवं, जननेंद्रियांबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं, आणि तिच्या दप्तरात एक कार्ड हवं: मला ॲड्रिनलचा आजार आहे, मी बेशुद्ध पडले तर हायड्रोकॉर्टिसोन द्या. हायड्रोकॉर्टिसोन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीत असणं आणि हाताशी असणं यात मात्र फरक असतो.

आता माझ्याच धंद्याबद्दल, नाहीतर हे सगळं दुसऱ्यावर ढकलल्यासारखं होईल. लॅब 'पॅकेज' विकतात. मुलींसाठी खास पॅकेज, बारा-पंधरा हार्मोन एका सुईत, कोणत्याही वेळी या. एवढ्या तपासण्या केल्या की निरोगी मुलीतही एखादी तरी मर्यादेबाहेर जायची शक्यता जवळजवळ निम्मी, हे साधं गणित आहे; मर्यादाच अशा आखतात की निरोगी माणसांतले पाच टक्के बाहेर पडावेत. त्यात केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुली. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही मशीनना फसवतं: कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं दिसतं, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच खोटं कमी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१७ सालीच तसा इशारा दिला होता. दोन-तीन दिवस आधी गोळी बंद ठेवायची, एवढंच. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलीत कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, आणि एकूण कॉर्टिसॉल फुगलेलं येतं. त्यातल्या काहीजणी पाळीसाठी या गोळ्या घेतात, काही आईला न सांगता घेतात. म्हणूनच गोळ्यांचा प्रश्न आईसमोर विचारून उपयोग नसतो. आमच्याकडे रक्त घ्यायच्या खोलीत आईला दोन मिनिटं बाहेर थांबवायची पद्धत मी स्वतः सुरू केली. काही आया रागावतात. रागावू देत.

याला खर्च फार येईल, डॉक्टरांना इतका वेळ कुठला, असं म्हणतात. मला उलट वाटतं. मी जास्त तपासण्या मागत नाहीये, कमीच मागते आहे. उंची मोजायची पट्टी घ्या. वजन वाढतंय आणि उंचीही वाढतेय, तर बहुधा साधा लठ्ठपणा. वजन वाढतंय आणि वाढीच्या वयात उंची मात्र अडली आहे, तर कॉर्टिसॉल खरंच जास्त असू शकतं, कुशिंगचा आजार किंवा बाहेरून आलेलं स्टेरॉइड. ही खूण कुठल्याही पॅकेजमध्ये नसते, शाळेच्या भिंतीवर असते. पाळीच्या तारखा मुलीने स्वतः वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या तर निम्म्या तपासण्या लागणारच नाहीत. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाळीला नाडी नि रक्तदाबाच्या पंक्तीला बसवलं आहे, ते उगाच नाही. आणि जिचा आवाज काही महिन्यांत घोगरा झाला, अंगावर दाट केस झपाट्याने आले, क्लिटोरिसचा आकार वाढला, तिला कसली वही नि कसलं पॅकेज; तिला तातडीने तज्ज्ञाकडेच न्यायचं, कारण तिथे गाठ असू शकते. पण हे मुलगी सांगणार कुणाला, आणि कोणत्या शब्दांत? त्या अवयवाचं नाव घरात, शाळेत कुणी तिच्यासमोर कधी उच्चारलेलंच नसतं.

साडेचारला आलेल्या त्या मुलीकडे परत येते. मी आईला म्हटलं, "ताई, कॉर्टिसॉल सकाळी आठला घ्यावं लागतं. बाकीचंही पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आलात तर बरं. आज राहू द्या." आई म्हणाली, सकाळी शाळा, आठवडाभर परीक्षा, मी सुट्टी टाकून आलेय, डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग घ्या. डॉक्टरांना फोन लावला, लागला नाही. तिचंही चुकत नव्हतं. मी रक्त घेतलं. आमच्या फॉर्मवर पत्त्याला तीन ओळी आहेत, पैसे कसे दिले याला चौकट आहे, रक्त किती वाजता घेतलं याला रकानाच नाही. म्हणून मी बाटलीवरच लाल पेनाने लिहिलं, '४.४०'. मग बारकोड छापून आला, तो सरळ आणि घट्ट बसवायचा असतो, नाहीतर मशीन वाचत नाही. तो बसवला तेव्हा ४.४० त्याच्या खाली गेलं.